पेटीतल्या बाईला विचारा: १९१० साली जादूचा खेळ घेऊन फिरायचं तर

जुन्या काळच्या जादूगारावर नाटक किंवा मालिका लिहायला घेतलेली मंडळी अधूनमधून मला गाठतात. मी काही जादूगार नाही. स्टेजवरच्या जादूच्या प्रयोगांत मी बरीच वर्षं मदतनीस होते, म्हणजे पेटीत शिरणारी, हवेत तरंगणारी आणि करवतीखाली हसत पडून राहणारी बाई. त्यामुळे टोपीतून ससा कसा काढतात ते मला विचारू नका. तो ससा त्याआधी कुठे होता, त्याला खायला कोणी घातलं आणि त्याचा पिंजरा आगगाडीच्या कुठल्या डब्यात चढला, हे विचारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नि इंग्लंडात फिरणाऱ्या जादूगारांचा दिवस अशाच भानगडीत जायचा. तर आपण साल १९१० धरू. तुम्हाला दौऱ्यावर निघायचंय. मी सांगते तसं तयारीला लागा.

खेळ केवढा?

आधी हे ठरवा, म्हणजे बाकीचं आपोआप ठरत जाईल. वाटा दोन आहेत. एक व्हॉडव्हिलची, इंग्लंडात तिलाच म्युझिक हॉल म्हणतात. एकाच कार्यक्रमात गाणारे, नाचणारे, कसरतपटू, कुत्रे खेळवणारे असे सगळे एकामागून एक येतात आणि त्यांच्यात एक तुम्ही. तुमच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं. पगार आठवड्याचा, आधी ठरलेला. थिएटर, वादक, तिकीटबारी यांची काळजी मालकाला. दुसरी वाट पूर्ण वेळाच्या खेळाची. कंपनी तुमची, सामान तुमचं, रेल्वेभाडं तुमचं, आणि गल्ल्यातला ठरलेला हिस्सा तुमचा. गावात त्या दिवशी बर्फ पडलं आणि कोणी फिरकलं नाही, तर तो खड्डाही तुमचाच.

पहिल्या वाटेचा राजा टी. नेल्सन डाउन्स. हा आयोवात रेल्वेत तारबाबू होता. तारेच्या यंत्रापाशी बसून त्याने नाण्यांवर हात बसवला आणि नुसत्या नाण्यांच्या जोरावर लंडनपर्यंत गाजला. हवेतून नाणी वेचायची आणि टोपीत टाकायची, एवढा खेळ. सामान म्हणजे नाणी, पत्ते नि टोपी. दुसऱ्या टोकाला हॉवर्ड थर्स्टन. पुढे पुढे त्याचा खेळ हलवायला रेल्वेचे आठ डबे लागत.

माझा सल्ला, लहानाने सुरुवात करा आणि एकच गोष्ट घट्ट धरा. हॅरी हुडिनी सुरुवातीची बरीच वर्षं डाइम म्युझियम नावाच्या स्वस्त करमणुकीच्या जागांत दिवसाला डझन-दीड डझन खेळ करून दमला होता. पत्ते, रुमाल, कबुतरं, सगळं करायचा. १८९९ मध्ये मार्टिन बेक नावाच्या बुकिंगवाल्याने त्याला पाहिलं, किरकोळ जादू सोडून बेड्या आणि ट्रंक तेवढी ठेवायला सांगितली आणि आठवड्याला ६० डॉलर देऊ केले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्या ट्रंकेबद्दल मात्र मला बोलू द्या. हॅरीला पोत्यात घालून ट्रंकेत बंद करायचे, वर दोरखंड. त्याची बायको बेस पडद्यापुढे उभी राहून तीन टाळ्या वाजवायची. तिसऱ्या टाळीला पडदा बाजूला होई तो हॅरीच्या हातून, आणि ट्रंक उघडली की पोत्यात बेस बांधलेली. हॅरी किती झटक्यात सुटला, हे जो तो सांगतो. बेस तेवढ्याच वेळात बांधली गेली, हे कुणाच्या तोंडी येत नाही.

नाव आणि सोंग

खरं नाव पोस्टरवर चालत नाही. एरिक वाइसचा हुडिनी झाला तो फ्रान्सच्या रोबेर-उदँ या जादूगाराच्या नावावरून. पर्सी टिबल्स या इंग्रज जादूगाराने आडनाव उलटं करून सेल्बिट घेतलं, एक अक्षर गाळून. नाव छोटं ठेवा, लांबून वाचता आलं पाहिजे.

सोंगाचं काय? तेव्हा पूर्वेचा मुलामा फार खपायचा. चिनी झगा नाहीतर हिंदू फकिराचा फेटा, काहीही. अमेरिकेचा नावाजलेला जादूगार हॅरी केलर पोरवयात ज्याच्या हाताखाली शिकला, तो ‘अव्हाचा फकीर’ म्हणून मिरवणारा माणूस मुळात इंग्रज, तोंडाला रंग फासून फिरायचा. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकनाने तर १९०० मध्ये ‘चुंग लिंग सू’ बनून युरोप गाठलं. खरा चिनी जादूगार चिंग लिंग फू आधीच गाजत होता, त्याची ही नक्कल. रॉबिन्सन स्टेजवर इंग्रजीचा शब्द काढत नसे, वार्ताहरांशी बोलतानाही दुभाषा मध्ये बसवायचा. आपल्याकडच्या कुणी हे वाचून चिडावं हे मला पटतं. पण नाटक लिहिताय तर हे झाकू नका. त्या काळाचं पोस्टर काढलं की हे त्यात येतंच.

आणि इथे एक मजा बघा. रॉबिन्सन आणि त्याची डॉट (लहान चणीची, स्टेजवर ती ‘सुई सीन’) हे दोघं आधी केलर आणि अलेक्झांडर हरमनसारख्यांच्या खेळांत पडद्यामागे राबत होते. पेट्या कशा चालतात ते पेटीच्या आतून शिकलेली जोडी. त्यांचा खेळ एवढा सफाईदार का होता, ते मला वेगळं सांगावं लागत नाही.

पेट्या

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

तुमचा खेळ म्हणजे तुमच्या पेट्या. एक खेळाची पेटी, जी प्रेक्षक बघतात. दुसरी ती जिच्यात ही पेटी प्रवास करते. नवखे लोक सगळे पैसे पहिलीवर घालतात. सुताराला उलटं सांगा. बाहेरच्या पेटीला लोखंडी कोपरे, आत जाड लोकर, आणि प्रत्येक भागाला आपापली खाच. रेल्वेचे हमाल पेटी उचलून ठेवत नाहीत, सोडून देतात. आरशाला तडा गेला तर नवी काच चार दिवसांत मिळेलही, पण त्याच मापाची नि त्याच झाकेची मिळणार नाही.

अमेरिकेत एका पूर्ण तिकिटावर १५० पौंड सामान फुकट जातं, म्हणजे साधारण ६८ किलो. दोघं असाल तर ३००. हा आकडा सुताराच्या भिंतीवर लिहून ठेवा. लाकूड जाड की पातळ, बिजागरी पितळेची की लोखंडाची, सगळं या आकड्यावर ठरेल. खेळ जोडणारे बोल्ट हाताने फिरवता येणारे, पंख असलेले घ्या. पान्याला हात लावायला लागला की दहा मिनिटं वाढली.

पेट्यांना नुसते आकडे रंगवा, खेळाचं नाव कधीच नको. ‘अदृश्य राजकन्या, तळाचा भाग’ असं लिहिलेली पेटी फलाटावर उभी असेल तर तिकीट कोण काढील? कुठल्या आकड्यात काय, ते वहीत, आणि वही दोघांकडेच. आधी लागणारी पेटी डब्यात शेवटी चढवा. एका पेटीत नुसती दुरुस्ती: खिळे, सरस, काळं मखमली कापड, काळा रेशमी दोरा भरपूर, रंगाचे डबे, सुटी कुलपं.

आता पेटीच्या आतलं. इथे जादूगाराचं ऐकू नका, माझं ऐका. आत जाणाऱ्या बाईचं माप घेऊनच पेटी बांधा, आणि माप उभं राहून घेऊ नका, घडी होऊन बसलेलं घ्या. १९१० ची बाई बाहेर कॉर्सेट घालून वावरते, त्यात कंबर वाकत नाही. स्टेजचा पोशाख वेगळा शिवावा लागतो, वरून कॉर्सेटसारखा दिसणारा आणि आतून मोकळा. मण्यांची झालर नको, आवाज करते. बुटांना मऊ तळ. श्वासाला भोकं तळाला आणि मागच्या बाजूला, आणि ती कापडाने झाकली जाणार नाहीत ना ते रोज पाहायचं. कडी आतूनही उघडली पाहिजे. ‘त्याने गंमत जाते’ म्हणणारा सुतार बदला.

आत काय होतं? उकडतं. दिव्यांची धग लाकडातून येते. बाहेर जादूगाराला टाळ्या मिळाल्या की तो रंगात येऊन बोलणं लांबवतो, आणि आत तुमच्या पायाला मुंग्या आलेल्या असतात. म्हणून खुणा ठरवून ठेवा. पायाने एकदा ठोकलं की ‘आवर’, दोनदा ठोकलं की ‘आत्ता उघड’. दुसरी खूण आली की जादूगाराने बोलण्यातलं वाक्य अर्धवट सोडून पेटी उघडायची. खेळ फसला तरी चालेल. हे दौऱ्याआधी सगळ्यांदेखत ठरलं पाहिजे, कारण स्टेजवर गेल्यावर त्याला काही आठवत नाही.

माणसं

एक सुतार-मेस्त्री, जो तुमच्याबरोबर फिरेल. हुडिनीकडे जिम कॉलिन्स होता. पाण्याच्या पेटीत उलटं लटकून सुटण्याचा जो खेळ हुडिनीने १९१२ मध्ये बर्लिनला लोकांपुढे आणला, तसल्या सामानाची देखभाल अशाच माणसांच्या हातात. मेस्त्री चांगला मिळाला तर पगारात घासाघीस करू नका. दुसऱ्या जादूगाराने फोडला तर तुमचा अर्धा खेळ त्याच्याबरोबर जाईल. ही नुसती भीती नाही. लंडनच्या मॅस्कलिन या जादूगाराचा हवेत तरंगण्याचा खेळ केलरला हवा होता. मॅस्कलिनकडे काम करणारा पॉल व्हॅलडन नावाचा जादूगार केलरने आपल्याकडे ओढला, आणि अमेरिकेतल्या स्टेजवर ‘राजकन्या कार्नाक’ तरंगू लागली.

म्हणून गुपिताचं लेखी वचन घ्या. हुडिनीचे मदतनीस तशी शपथ घेत. तरी भरवसा शपथेपेक्षा वेळेवर मिळणाऱ्या पगारावर ठेवा.

पेटीत जाणाऱ्या दोघी हव्यात, एकाच मापाच्या. एकीला ताप आला तर दुसरी. नसेल परवडत तर बायकोला शिकवा, बहुतेकांनी तेच केलं. आणि शिकवलंत की तिला सगळं शिकवा, फक्त आत जाणं-येणं नको. अलेक्झांडर हरमन १८९६ च्या डिसेंबरात दौऱ्यावर असताना रेल्वेतच वारला. मागे कंपनी, माणसं, जनावरं, ठरलेल्या तारखा. त्याची बायको अ‍ॅडलेड खेळातली प्रत्येक गोष्ट जाणत होती. पुढच्याच महिन्यात तिने न्यू यॉर्कमध्ये बंदुकीच्या गोळ्या झेलण्याचा खेळ करून दाखवला, आणि नंतर तीस वर्षं ‘जादूची राणी’ म्हणून स्वतःच्या नावावर फिरली. नाटक लिहायचंच असेल तर तिच्यावर लिहा ना! सगळे हुडिनीच घेऊन बसतात.

पुढचा माणूस म्हणजे आगाऊ जाणारा एजंट. तो तुमच्याआधी एक-दोन आठवडे गावात पोचतो, भिंती ठरवतो, चिकटवणारे गाठतो, संपादकांना पास देतो, राहायच्या जागा बघतो. बोलका असावा, पिणारा नसावा. दोन्ही एकत्र मिळणं कठीण, एवढं सांगते.

सोमवार

इंग्लंडात कलाकार रविवारी हलतात, कारण शनिवारी रात्री खेळ संपतो आणि सोमवारी दुसऱ्या गावात सुरू. क्रू नावाच्या जंक्शनवर रविवारी निम्मा म्युझिक हॉल फलाटावर गाडी बदलत असतो. तिथे कान उघडे ठेवा. कुठला मॅनेजर पैसे बुडवतो, कुठल्या घरवालीकडे ढेकूण आहेत, सगळं फलाटावर कळतं. कलाकारांना खोल्या देणाऱ्या या बायका अभिप्रायाची वही ठेवतात. तिच्यात काय लिहिलंय यापेक्षा कोणी लिहायचं टाळलंय ते बघा.

सोमवारी सकाळी वादकांबरोबर तालीम. रिवाज असा की जो आधी येईल त्याने आपल्या संगीताचे कागद स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवायचे, त्याच क्रमाने तालीम होते. लवकर जा. दुसरं म्हणजे तुम्हाला हवं ते गाणं आधीच्या बाईने घेतलं असेल तर तुम्हाला बदलावं लागेल. प्रत्येक वाद्याचे स्वच्छ कागद हवेत, आणि कुठे थांबायचं, कुठे ढोल वाजायचा, कुठे एकदम गप्प व्हायचं, हे लाल शाईने. पेटीचा कर्र आवाज ज्या क्षणी येतो, त्या क्षणी झांजा वाजल्या पाहिजेत. झांजवाल्याला बिअर पाजायला विसरू नका.

मग स्टेज तपासा. गुडघ्यावर बसून, हाताने. युरोपातल्या बऱ्याच जुन्या थिएटरांत स्टेज पुढे उतरतं असतं. चाकांची पेटी त्यावर आपणहून वादकांकडे निघते. फळ्यांमधल्या फटी बघा. दिव्यांचं विचारा: कुठे गॅस, कुठे वीज, आणि वीजही कुठे एसी, कुठे डीसी. आपले दिवे थेट जोडू नका. बाल्कनीच्या अगदी कडेच्या खुर्चीत जाऊन बसा आणि तिथून आरशाच्या मागचं दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर त्या खुर्च्या विकू देऊ नका, नाहीतर खेळ बदला. विंगांमध्ये आपले काळे पडदे लावा. गावातले स्टेजवरचे कामगार उचलायला-ठेवायला घ्या, शेवटचा बोल्ट मात्र तुमच्या मेस्त्रीने, पडदा ओढून.

व्हॉडव्हिलमध्ये मोठा खेळ मांडायला वेळ लागतो, तेवढ्यात पुढच्या पडद्यासमोर दुसरं कोणी गाणं म्हणतं. तुमच्यानंतरच्या कलाकारासाठी तुम्हालाही हे करावं लागेल. म्हणून दोन-तीन मिनिटांचा, पडद्यापुढे उभं राहून करायचा पत्त्यांचा खेळ खिशात असू द्या. मॅनेजरला असा जादूगार आवडतो. आणि कीथच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्हॉडव्हिल साखळीच्या थिएटरांत मॅनेजरची मर्जी महत्त्वाची, कारण सोमवारचा खेळ पाहून तो प्रत्येक कलाकाराबद्दल मुख्य कचेरीला अहवाल पाठवतो. वाह्यात विनोद केलात तर मंगळवारी तो गाळायला सांगतील. त्यांचा प्रेक्षक बायकामुलांचा, आणि त्या चोखपणाचा त्यांना अभिमान.

कार्यक्रमात अगदी पहिला नंबर मिळाला तर रुसू नका. लोक आत येत असतात, खुर्च्या वाजत असतात, बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून तिथे न बोलणाऱ्यांना टाकतात. न बोलता करता येईल असा तुकडा बसवून ठेवा. होरेस गोल्डिनने आपलं बोलणं काढूनच टाकलं होतं. धडाधड एकामागून एक जादू, शब्द नाही. तो गाजला त्यामुळेच.

लोकांना आत कसं आणायचं

पोस्टरवर खर्च करा. सिनसिनाटीची स्ट्रोब्रिज कंपनी शिळाछापाची रंगीत पोस्टरं काढते, केलरची बरीचशी तिथलीच. त्याच्या कानाशी कुजबुजणारे लाल छोटे सैतान लोकांना इतके आवडले की नंतर ज्याच्या त्याच्या खांद्यावर सैतान बसू लागले. तुम्ही दुसरं काही शोधा.

फुकटची जाहिरात जास्त चालते. हुडिनी गावात आला की आधी पोलीस ठाण्यात जायचा आणि तिथल्या बेड्यांतून सुटून दाखवायचा. पोलिसांनी लिहून दिलेला दाखला दुसऱ्या दिवशी पेपरात. त्याचा आणखी एक डाव मला फार आवडतो. गावातल्याच सुतारांनी खोकं बांधून त्याला आव्हान द्यायचं. ते खोकं आधी थिएटरच्या दारात मांडून ठेवायचं. सुतार, त्यांचे मालक, त्यांच्या बायका, पोरं, शेजारी, सगळ्यांना बघायचंच असतं की आपलं खोकं जिंकतं की तो.

दुसऱ्याच्या नावावरही चढता येतं. थर्स्टनला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा, १८९८ मध्ये डेन्व्हरला, त्याने पत्ते वर चढण्याचा खेळ अलेक्झांडरचा पुतण्या लिऑन हरमनला दाखवला. हरमनला तो उमगला नाही. त्यानंतर थर्स्टनच्या जाहिरातीत कायम तेच: हरमनला चकवणारा माणूस.

आता करवत. तुमचं साल १९१० आहे, पण मला पुढचं ठाऊक आहे म्हणून सांगते. १९२१ च्या जानेवारीत लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये सेल्बिटने बाईला करवतीने कापून दाखवलं. थिएटरबाहेर त्याची माणसं गटारात लाल पाण्याच्या बादल्या ओतायची. मतांच्या हक्कासाठी लढलेल्या क्रिस्टाबेल पँकहर्स्टबाईंना त्याने आठवड्याला २० पौंड देऊ केले, कापून घ्यायला. त्यांनी नकार दिला. गोल्डिनने अमेरिकेत त्याच वर्षी स्वतःची पेटी आणली आणि थिएटरांसमोर रुग्णवाहिका उभ्या केल्या. प्रेक्षकांना बाईला कापलेलं का आवडतं, यावर हुशार लोक खूप बोलतात. मला पेटीत पडून एवढंच कळलं की सगळ्यांचे डोळे करवतीवर असतात, आणि त्यामुळे माझ्याकडे कोणी बघत नाही. काम होतं ते तेवढ्या वेळात.

आग आणि बंदूक

हा भाग उडवू नका.

१९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला लागलेल्या आगीत सहाशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर थिएटरांतले नियम आवळले. तुमचे पडदे, मखमल, रेशीम तुरटीच्या पाण्यातून काढून घ्या, आणि दर धुलाईनंतर पुन्हा. भडका उडवणारा कागद आणि पूड वेगळ्या डब्यात, त्या डब्याची जबाबदारी एकाच माणसावर.

ग्रेट लाफायेत, खरा सिगमंड न्यूबर्गर, १९११ च्या ९ मे रोजी एडिनबरोच्या एम्पायर पॅलेसमध्ये खेळ करत होता. घोडा, सिंह, भरजरी महाल. शेवटच्या अंकात एका दिव्याने सजावट पेटली. पोलादी पडदा खाली आला, वादकांनी राष्ट्रगीत धरलं आणि सुमारे तीन हजार प्रेक्षक सुखरूप बाहेर पडले. पडद्यामागचे नाही. लाफायेत गेला, त्याच्याबरोबर कंपनीतली दहाएक माणसं. पहिला सापडलेला देह लाफायेतचा म्हणून ओळखला गेला, तो निघाला त्याच्यासारखा दिसणाऱ्या मदतनिसाचा. खरा नंतर मिळाला, अंगठ्यांवरून ओळख पटली. गुपितं राखायला एक आतलं दार बंद ठेवलं होतं, असं सांगतात. मरणाऱ्यांत अ‍ॅलिस डेल होती, चावीवर चालणाऱ्या भल्यामोठ्या टेडी अस्वलाच्या आत बसून त्याला चालवणारी छोटीशी मुलगी. मी आतल्या कडीबद्दल एवढं भांडते ते उगाच नाही.

तेव्हा स्टेजमागच्या दारांना कुलूप नको. गुपित राखायचं तर दारात माणूस उभा करा. आणि रोज, खेळाआधी, आत बसणाऱ्या प्रत्येकाने दिवे मालवून दारापर्यंत चालत जायचं.

गोळी झेलण्याचा खेळ घेऊच नका. घेणारच असाल तर चुंग लिंग सूचं, म्हणजे रॉबिन्सनचं काय झालं ते वाचा. २३ मार्च १९१८, लंडनमधलं वुड ग्रीन एम्पायर. त्याच्या बंदुकीत खरी गोळी नळीतच राहायची, बार उडायचा तो नळीखाली दारू ठासायचा गज ठेवायच्या जागेतून. खेळ झाल्यावर बार उडवून बंदूक रिकामी करण्याऐवजी तो मागचा स्क्रू काढून दारू नि गोळी बाहेर घ्यायचा. वर्षानुवर्षं असं करून आटे झिजले, दारूचे कण झिरपत गेले आणि त्या रात्री खरी नळी पेटली. इतकी वर्षं स्टेजवर मुका राहिलेला माणूस इंग्रजीत म्हणाला, पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत अपघात ठरला. यातून तुमच्यासाठी नियम: जिवाशी खेळणारं कुठलंही सामान दर महिन्याला तिऱ्हाईत कारागिराला दाखवा. रोज हाताळणाऱ्याला झीज दिसत नाही.

पैसे, उन्हाळा, परदेश

व्हॉडव्हिलमध्ये शनिवारी रात्री पैसे मिळतात. त्यातून एजंटचा टक्का जातो, तो आधी विचारून घ्या. स्वतःची कंपनी असेल तर तिकीटबारीवर मॅनेजरबरोबर बसून फाटलेली तिकिटं मोजायची, दर खेळाला. लाज वाटू देऊ नका. इंग्लंडातल्या कलाकारांनी १९०७ मध्ये संप केला तो फुकट लादलेल्या जादा खेळांवरून, तेव्हा करारात आठवड्याला किती खेळ ते शब्दांत लिहून घ्या.

अमेरिकेत हंगाम साधारण सप्टेंबर ते मे. उन्हाळ्यात थिएटरं भट्टीसारखी तापतात, बरीच बंदच राहतात. तोच काळ नव्या खेळांचा आणि डागडुजीचा. लहान गावांत उन्हाळी तंबू पडतात, शटाक्वा म्हणतात त्यांना, तिथे व्याख्यानं, संगीत आणि सभ्य जादू चालते. न्यू यॉर्कमध्ये असाल तर मार्टिंकाच्या जादूच्या सामानाच्या दुकानात जा. १९०२ मध्ये अमेरिकन जादूगारांची संघटना तिथल्याच मागच्या खोलीत सुरू झाली. सामान घ्या, पण गप्पांत आपला नवा खेळ सांगू नका.

मायदेशी बाजार थंडावला की जहाज. थर्स्टन १९०५ पासून ऑस्ट्रेलिया आणि आशिया फिरला, भारतातही आला. चार्ल्स कार्टर तर पुन्हा पुन्हा पृथ्वीप्रदक्षिणा करायचा. शेवटच्या फेरीत १९३६ मध्ये तो मुंबईतच वारला. समुद्रप्रवासात दमट हवेने लाकूड फुगतं, कप्पे अडकतात, म्हणून उतरल्यावर लगेच खेळ लावू नका, पेट्या उघडून वाळू द्या. कबुतरं तिथलीच घ्या.

खेळ सोडताना

गुडघे बोलायला लागले की जादूगार आणखी दहा वर्षं चालतो, पेटीतली बाई चालत नाही. तिची जागा वेळेत भरा आणि तिला शिकवणारी म्हणून ठेवा.

सामान विकायचं तर अख्खं एकाला विका. केलरने तसंच केलं. थर्स्टनला खेळ विकला, एक हंगाम दोघं बरोबर फिरले आणि १६ मे १९०८ रोजी बाल्टिमोरच्या फोर्ड्‌स थिएटरात आपला वारसा लोकांसमोर त्याच्या स्वाधीन केला. गिऱ्हाईक नसेल तर निदान गोदाम पाहून घ्या. १९२६ मध्ये न्यू यॉर्कमधल्या आगीत अ‍ॅडलेडबाईंचं सामान गेलं, जनावरंही. त्यानंतरही त्या थोडासा लहान खेळ घेऊन उभ्या राहिल्या, पण तुम्ही विमा उतरवा. पेट्यांची वही विमावाल्याला दाखवताना त्यात आकडा, माप आणि किंमत एवढंच असू द्या. कुठल्या पेटीचा तळ कसा उघडतो ते त्याला कळायचं कारण नाही.